कोपरगाव आणि सालबाईचा तह : युद्ध संपवताना मित्र का दुरावतात?



आपल्या कोपरगावच्या मुलांना गोदावरीकाठचा राघोबादादांचा वाडा माहीत असतो. नारायणराव पेशव्यांची गोष्ट आणि "काका, मला वाचवा" ही हाकही त्यांनी ऐकलेली असते. पण एकदा मुलांना हा प्रश्न विचारून बघा : राघोबादादा तर पुण्याच्या पेशवे घराण्यातले, मग ते शेवटी कोपरगावला का येऊन राहिले? बहुतेक मुलं म्हणतात, "इथे त्यांचा वाडा होता म्हणून." उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. राघोबादादांनी कुठे राहायचं, त्यांना दरमहा किती रुपये मिळायचे, हे सगळं तहांच्या कलमांमध्ये लिहिलं गेलं होतं. आणि ते लिहिताना त्यांच्या बाजूने लढायला आलेल्या मित्रांनीच सही केली होती.

म्हणून आजचा विषय : दोन-चार जण मिळून एखाद्या युद्धात उतरतात तेव्हा सगळे एकमेकांचे असतात. मग युद्ध संपवायची वेळ आली की त्यांच्यात कुरबुरी का सुरू होतात? हे समजून घ्यायला पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाइतकं (१७७५ ते १७८२) चांगलं उदाहरण नाही. आणि त्याचा शेवट आपल्या गावात झालेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवे झाले. पण नाना फडणवीस, सखारामबापू बोकील वगैरे कारभारी एकत्र आले. यालाच आपण बारभाईंचं कारस्थान म्हणतो. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला, तो सवाई माधवराव. बारभाईंनी या तान्ह्या बाळाला पेशवेपद दिलं. राघोबादादांची गादी गेली.

आता राघोबादादा काही साधे गृहस्थ नव्हते. १७५८ साली लाहोरपर्यंत धडक मारणारे आणि अटकेच्या मोहिमेमुळे 'राघोभरारी' म्हणून ओळखले जाणारे सेनानी ते. पण घरातलं भांडण सोडवायला ते बाहेरच्या माणसाकडे गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी सुरतेचा तह केला. सौदा असा होता : इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, पुण्याची गादी मिळवून द्यायची. बदल्यात राघोबादादांनी साष्टी आणि वसई द्यायची, फौजेचा खर्च महिना दीड लाख रुपये द्यायचा आणि तारण म्हणून सहा लाखांचं जवाहीर ठेवायचं.

गंमत बघा. साष्टी बेटावरचा ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच घेतलेला होता. म्हणजे मित्राकडून जे मागायचं त्यातलं बरंचसं आधीच खिशात घालून ते तहाला बसले होते. राघोबादादांना हवी होती गादी, मुंबईकर इंग्रजांना हवी होती साष्टी-वसई. युद्ध एक, पण दोघांचा शेवटाचा मुक्काम वेगळा. पुढच्या सगळ्या कुरबुरीचं मूळ इथेच आहे.

पहिला ताण : मुंबई एक म्हणते, कलकत्ता दुसरंच

आपण पुस्तकात 'इंग्रज' असा एकच शब्द वाचतो. प्रत्यक्षात तेव्हा मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे कंपनीची तीन वेगवेगळी सरकारं होती. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला युद्ध आणि तहाच्या बाबतीत वरचढ केलं. गव्हर्नर जनरल होते वॉरन हेस्टिंग्ज. मुंबईने सुरतेचा तह कलकत्त्याला न विचारताच केला होता.

१८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडासला लढाई झाली. इकडे रणांगणावर तोफा चालू होत्या आणि तिकडे कलकत्त्याच्या कौन्सिलने हे युद्ध अन्यायाचं आणि परवानगीशिवाय केलेलं ठरवून थांबवायचा हुकूम काढला. त्यांनी कर्नल अप्टन यांना सरळ पुणे दरबाराशी बोलायला पाठवलं. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. (मुलांना आवर्जून सांगा, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यातला पुरंदरचा तह १६६५ चा. हा वेगळा.)

या तहात काय ठरलं? सुरतेचा तह रद्द. साष्टी इंग्रजांकडे राहील. राघोबादादांनी फौज मोडायची, पेन्शन घ्यायची आणि गोदावरीकाठी कोपरगावला राहायचं. आपल्या गावाचं नाव आंतरराष्ट्रीय म्हणावं अशा करारात येतं ते असं.

शर्तींकडे नीट बघितलं तर लक्षात येतं की इंग्रजांनी आपला फायदा सोडला नाही, फक्त मित्राला दिलेला शब्द सोडला.

राघोबादादांनी अर्थातच नकार दिला. आणि मुंबई सरकारनेही वरिष्ठांचा हुकूम मनापासून पाळला नाही. त्यांनी राघोबादादांना आसरा दिला. त्यातच लंडनहून कंपनीच्या संचालकांचं सुरतेच्या तहाला पसंती देणारं पत्र आलं. म्हणजे कलकत्ता म्हणतं थांबा, लंडन म्हणतं ठीक केलंत, मुंबई म्हणते आम्ही तर आधीपासून हेच सांगत होतो! पत्र जहाजाने यायला महिनोन्महिने लागायचे, त्यामुळे हा गोंधळ आणखी वाढला. तेव्हा मुलांना विचारा, पुण्याच्या कारभाऱ्यांनी यातला कुणाचा शब्द खरा मानायचा?

वडगावची नामुष्की

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज राघोबादादांना घेऊन पुण्याकडे निघाली. बोरघाट चढून मावळात आल्यावर मराठ्यांनी त्यांची रसद तोडली, गावं ओस पाडली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळ इथे इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा आणि राघोबादादांना सोडून द्यायचं, असं त्यात होतं. राघोबादादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. पुढे त्यांना झाशीकडे नेत असताना ते वाटेतून निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडेच, गुजरातेत गेले.

हेस्टिंग्ज यांनी वडगावचा करार मानलाच नाही. सही करणाऱ्यांना तसा अधिकार नव्हता, असं सांगितलं गेलं. युद्ध पुन्हा पेटलं. पण आता त्यांना राघोबादादांच्या गादीची फारशी फिकीर नव्हती. प्रश्न कंपनीच्या अब्रूचा झाला होता. ज्याच्यासाठी युद्ध सुरू झालं तो माणूस युद्धाच्या मध्यावरच बाजूला पडला होता.

राघोबादादांना हे कळत होतं का? कळत असावं. कारण १७८१ मध्ये त्यांचे वकील हणमंतराव आणि मणियार पारशी थेट लंडनला पोचले. तिथे प्रसिद्ध संसदपटू एडमंड बर्क यांनी त्यांचा पाहुणचार केला, हणमंतरावांना स्वयंपाक आणि पूजेसाठी स्वतंत्र जागा दिली. मानपान झाला, पण गादी काही मिळाली नाही.

दुसरा ताण : आपल्या बाजूलाही तेच

इथपर्यंत वाचून वाटेल, इंग्रज दगाबाज, विषय संपला. पण थांबा. वर्गात इथेच थांबलो तर मुलांच्या हाती अर्धाच इतिहास लागतो.

१७८० च्या सुमारास नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध मोठी जूट बांधली. पुण्याचं सरकार, हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदरअली आणि नागपूरचे भोसले. चौघांनी चारही बाजूंनी इंग्रजांना घेरायचं. कल्पना जबरदस्त होती. हैदरने जुलै १७८० मध्ये कर्नाटकात मुसंडी मारली आणि सप्टेंबरमध्ये पोल्लिलूरला इंग्रजांची एक अख्खी तुकडी बुडवली.

मग हेस्टिंग्ज यांनी काय केलं? त्यांनी चौघांशी एकदम लढायचं टाळलं. एकेकाला वेगळं गाठलं. निजामाचा रुसवा गुंटूरवरून होता, ते त्याला परत दिलं, तो थंड झाला. भोसल्यांची फौज ओरिसात येऊन थांबली होती, तिला पैसे देऊन शांत केलं. महादजी शिंद्यांवर मात्र दबाव आणला. ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, माळव्यात फौज घुसवली. घरचा मुलूख धोक्यात आल्यावर महादजींनी ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रजांशी वेगळा समझोता केला आणि मध्यस्थी करायचं मान्य केलं.

दुसऱ्या बाजूने बघा. इंग्रजही थकलेले होते. एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड यांना बोरघाटातून मार खात मागे फिरावं लागलं होतं. दक्षिणेत हैदर होता, अमेरिकेत वसाहतींशी युद्ध चालू होतं, पैसा संपत आला होता. तह सगळ्यांनाच हवा होता, पण प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या वेळी.

सालबाई, १७ मे १७८२

ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी महादजी शिंदे आणि इंग्रजांचे वकील डेव्हिड अँडरसन यांनी तह केला. कुणाला काय मिळालं, ते मुलांसाठी फळ्यावर असं मांडता येईल :

* इंग्रज : साष्टी आणि जवळची बेटं कायम. पुरंदरच्या तहानंतर घेतलेली वसई वगैरे ठिकाणं परत द्यायची.
* पुणे दरबार : सवाई माधवराव हेच पेशवे, हे इंग्रजांनी मान्य केलं. राघोबादादांचा पाठिंबा काढला.
* महादजी शिंदे : भडोच मिळालं. शिवाय तह पाळला जाईल याचे जामीनदार म्हणून मोठा मान मिळाला.
* हैदरअली : तो तहाला हजरच नव्हता. तरी त्याने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत द्यावा असं कलम, आणि ते त्याला करायला लावायची जबाबदारी पेशव्यांवर.
* राघोबादादा : तेही हजर नव्हते. चार महिन्यांनी इंग्रजांचा आसरा आणि पैसा बंद. स्वतःहून शिंद्यांकडे गेले तर दरमहा पंचवीस हजार रुपये.

आता ही यादी पुन्हा वाचा. जे दोघं खोलीत नव्हते, त्यांच्याच वाट्याला द्यायचं आलं. एक इंग्रजांचा मित्र, एक मराठ्यांचा मित्र. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातून मुलांनी शिकायची मुख्य गोष्ट हीच आहे : तहाची किंमत बहुतेक वेळा गैरहजर माणूस भरतो.

नानांनी सही लांबणीवर का टाकली?

हेस्टिंग्ज यांनी जूनमध्येच तहाला मंजुरी दिली. पण पुण्याहून मंजुरी येईना. नानांना साष्टी गेल्याचं दुःख होतं. महादजींचं वजन वाढलेलंही त्यांना रुचलं नव्हतं. आणि जोवर हैदर लढतोय तोवर इंग्रजांकडून आणखी काही पदरात पाडता येईल, असा हिशेब होता. म्हणून एकीकडे इंग्रजांशी तहाचं बोलणं आणि दुसरीकडे हैदरच्या वकिलांशीही बोलणं, असं काही महिने चाललं.

७ डिसेंबर १७८२ रोजी हैदरअलीचा मृत्यू झाला. नानांच्या हातातला हुकमी पत्ता गेला. त्याच महिन्यात पुण्याने तह मान्य केला आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी मंजुरीच्या प्रतींची अदलाबदल झाली.

हैदरचा मुलगा टिपू मात्र लढत राहिला. मार्च १७८४ मध्ये त्याने मंगळूरला इंग्रजांशी स्वतःचा वेगळा तह केला, पुण्याला मध्ये न घेता. पुणे दरबाराला ते झोंबलं. पण जे आपण केलं तेच समोरच्याने केलं, दुसरं काय? पुढच्याच वर्षी मराठे आणि टिपू यांच्यात युद्ध जुंपलं. कालचे मित्र आज समोरासमोर.

हे फक्त तेव्हाच आणि आपल्याकडेच घडलं का?

नाही. नेमक्या त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १७८२ रोजी, अमेरिकेच्या वकिलांनी ब्रिटनशी प्राथमिक तह केला. फ्रान्स त्यांचा दोस्त होता. एकमेकांच्या संमतीशिवाय तह करायचा नाही, असं १७७८ च्या करारात लिहिलेलं होतं. तरी त्यांनी फ्रान्सला न विचारता सही केली. फ्रेंच मंत्री व्हर्जेन यांनी नाराजी कळवली, मग बेंजामिन फ्रँकलिन यांना समजूत काढावी लागली.

आपल्या देशाचंही उदाहरण आहे. जुलै १९८७ च्या करारानुसार भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. १९८९ मध्ये तिथे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी २९ जुलैपर्यंत सैन्य परत न्या म्हणून मुदत घातली. भारताचं म्हणणं होतं, तमिळांच्या सुरक्षेचं काम अजून अपुरं आहे. बोलवणारं सरकार आणि निघायला सांगणारं सरकार वेगळं, म्हणून हा ताण. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी परतली.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे अफगाणिस्तान. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. ज्या काबूल सरकारच्या बाजूने अमेरिका आणि तिचे दोस्त देश इतकी वर्षं लढले, ते सरकार त्या टेबलावर नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ते सरकार कोसळलं. राघोबादादांची गोष्ट ज्याने वाचली आहे, त्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मग तह करायचाच नव्हता का?

हा प्रश्न चुणचुणीत मुलं विचारतातच. उत्तर देताना घाई करू नये. सालबाईमुळे मराठे आणि इंग्रज यांच्यात सुमारे वीस वर्षं युद्ध झालं नाही. सात वर्षं ज्या रयतेची पिकं, जनावरं, गावं फौजांच्या पायाखाली गेली, तिच्यासाठी ही शांतता लाखमोलाची होती. म्हणजे युद्ध थांबवणं हा दगा नाही.

चूक कुठे होते? तर युद्धात उतरताना 'जिंकल्यावर काय' एवढंच बोललं जातं, 'थांबायचं कधी आणि थांबताना सोबत्याचं काय' हे कुणी बोलत नाही. सुरतेच्या तहात फौज किती, पगार किती, तारण किती हे सगळं होतं. पण इंग्रज कंटाळले तर राघोबादादांचं काय, याची तजवीज नव्हती. ती सात वर्षांनी दुसऱ्यांनीच केली.

राघोबादादांना निष्पाप ठरवायचं मुळीच कारण नाही. घरच्या वादात परकी फौज आणली ती त्यांनी. पण परक्याच्या जोरावर आलेल्याला परकाच सोडून जातो, हे कोपरगावइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. तह मंजूर झाल्यावर ते इथे गोदाकाठी राहायला आले. वर्षही पुरं झालं नाही. ११ डिसेंबर १७८३ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे १८०२ मध्ये त्यांचेच चिरंजीव दुसरे बाजीराव पुन्हा इंग्रजांच्या दारात गेले आणि वसईचा तह करून बसले.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

शिक्षकांसाठी एक सोपा उपक्रम. सहा चिठ्ठ्या करा : मुंबईचे इंग्रज, कलकत्त्याचे इंग्रज, राघोबादादा, नाना फडणवीस, महादजी शिंदे, हैदरअली. सहा गट पाडा. प्रत्येक गटाने तीन वाक्यं लिहायची : आम्हाला काय हवं, आम्ही कधी थांबू, आम्ही काय सोडणार नाही. मग फक्त कलकत्ता आणि महादजी या दोन गटांना बाजूला नेऊन दहा मिनिटांत तह लिहायला सांगा. तो सगळ्यांसमोर वाचा आणि उरलेल्या चार गटांना विचारा, "तुम्हाला कसं वाटलं?" मुलं जे बोलतील ते कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही.

पालकांसाठी : सुट्टीच्या दिवशी मुलांना वाडा दाखवायला नेलंत तर फोटो काढून लगेच परत येऊ नका. तिथे उभं राहून तीन प्रश्न विचारा. हा माणूस इथे कुणामुळे आला? त्याच्याबद्दलचा निर्णय घेताना त्याला कुणी विचारलं होतं का? आणि तू आणि तुझे मित्र मिळून एखादं काम हाती घेता, तेव्हा मध्येच सोडायचं झालं तर काय करायचं हे आधी ठरवता का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतःच्या अनुभवातून देता येतं, आणि तिथून इतिहास त्यांना आपला वाटू लागतो. परीक्षेत 'सालबाईचा तह कधी झाला?' असं विचारतील, उत्तर १७८२ लिहायचंच. फक्त त्या आकड्यामागे आपलं कोपरगाव आहे, हे मुलांना ठाऊक असू द्या.

हा पाठ आपल्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.